मिसेस पटेलचा आवाज

किंग्ज क्रॉसहून सुटलेली लीड्सची गाडी पीटरबरोच्या पुढे आली तेव्हा पलीकडच्या सीटवरच्या गृहस्थाने कस्तुरीकडे तिसऱ्यांदा पाहिलं. पहिल्या नजरेत नुसता संशय असतो, दुसरीत आठवण चाळवलेली असते आणि तिसरीत हसू फुटतं, हे आता तिला पाठ झालं होतं. हातातली संहिता उलटी करून तिने मांडीवर ठेवली आणि वाट पाहिली.

"तुम्ही त्याच ना?" तो म्हणाला. "त्या डेंटिस्टकडच्या. मिसेस पटेल."

कस्तुरी हो म्हणाली. तेवढ्या एका शब्दातला यॉर्कशरी हेल त्याने ओळखला आणि त्याचा चेहरा जरासा उतरला. आपल्याच गावची निघाली की बाई, असं काहीसं तो पुटपुटला. मग खिशातून मोबाइल काढत म्हणाला, "पण एकदा म्हणा ना. एकदाच. आमची आई तुमचा एकही भाग चुकवायची नाही. तिला फोनवर ऐकवतो."

नाही म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण इतक्या वर्षांत ती कुणालाच नाही म्हणालेली नव्हती. तिने डोळ्यांवर नसलेला चष्मा बोटांनी केसांवर सरकवला, हनुवटी उचलली, आणि नळ सोडावा तसा आवाज आला.

"फर्स्ट यू सिट. देन यू टेल."

डबा हसला. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. फोनमधून एका म्हातारीचं खुदुखुदु हसणं ऐकू आलं. गृहस्थ इतक्यांदा थँक यू म्हणाला की कस्तुरीलाच लाजल्यासारखं झालं. हशा ओसरल्यावर ती खिडकीला डोकं टेकून बसली. तोंड उघडण्यापूर्वी तिने मनाशी ठरवलं होतं की या वेळी ते वाक्य साधं म्हणून बघायचं. सहा शब्द पुढे टाकायचे आणि मागून हशा येऊ द्यायचा नाही. जमलं नाही. गेल्या महिन्याभरात एकदाही जमलं नव्हतं.

मांडीवरच्या संहितेत त्याच सहा शब्दांची बाई होती, फक्त तिच्यावर कुणी हसत नव्हतं. सत्तरच्या दशकात हिंदुस्थानातून यॉर्कशरमधल्या एका खाणीच्या गावी आलेली डॉक्टर. मुख्य भूमिका. चित्रपट छोट्या बजेटचा होता, पण त्यात कस्तुरीचं नाव जन्मात पहिल्यांदा सगळ्यात वर लागणार होतं. रूथ नावाची दिग्दर्शिका तिच्याकडून दोनदा वाचून घेऊन दोन्ही वेळा गप्प राहिली होती. शेवटी म्हणाली, "ती बाई तुझ्यात आहे, मला दिसतेय. पण तू तोंड उघडलंस की पुढे येते ती मिसेस पटेल. सोमवारी परत ये. आवाज तोच आण, फक्त लोकांना हसू येणार नाही असा आण." दुसरी एक नटी तयारच होती, हेही रूथने लपवलं नव्हतं.

त्या आवाजाची मूळ मालकीण लीड्सला राहत होती. कस्तुरी तिच्याकडेच निघाली होती. आईकडे.

*

डॉक्टर सुप्रभा वैशंपायन हेअरहिल्स भागातल्या एका सर्जरीत, म्हणजे तिकडच्या दवाखान्यात, जीपी होत्या. नवरा शशिधर गावातल्याच मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. ते दिवसभर लोकांना झोपवतात, म्हणून घरी कुणाला जागं करत नाहीत, असं लीड्सच्या महाराष्ट्र मंडळातले लोक म्हणायचे, आणि शशिधर त्यावरही काही बोलायचे नाहीत. घरातलं बोलणं सुप्रभाच्या वाट्याचं होतं. ती मराठी बोलायची पुण्याची, आणि इंग्रजीही पुण्याचीच, फक्त लीड्सच्या पावसात भिजून थोडी मऊ पडलेली.

कस्तुरीने डॉक्टर न होता नटी व्हायचं ठरवलं तेव्हा मंडळात जेवढा गहजब झाला त्याच्या पाव हिश्शानेही घरी झाला नाही. सुप्रभा एवढंच म्हणाली की कर, पण नीट शिकून कर.

लंडनच्या ड्रामा स्कूलमध्ये दुसऱ्या वर्षी एक अभ्यास असायचा. नाटकातला नसलेला एक माणूस निवडायचा, त्याला आठवडेच्या आठवडे न्याहाळायचं, त्याची चाल, त्याचा श्वास, त्याचं थांबणं अंगात मुरवायचं, आणि एक दिवस वर्गात तो माणूस होऊन यायचं. नियम एकच: आपल्याला कुणी न्याहाळतंय हे त्या माणसाला कळता कामा नये. कळलं की तोही नट होतो. कुणी खाटीक निवडला, कुणी चर्चमधला ऑर्गन वाजवणारा. कस्तुरी ईस्टरच्या सुट्टीत घरी आली आणि आईला म्हणाली, मला तुझे पेशंट्स बघायचे आहेत.

सुप्रभाला कोण आनंद झाला. येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, ही माझी मुलगी, शिकतेय, कोपऱ्यात बसली तर तुमची हरकत नाही ना. कस्तुरीने आणलेला छोटा टेपरेकॉर्डर मात्र तिने पहिल्याच दिवशी पर्समध्ये परत ठेवायला लावला. पेशंट इथे जे बोलतो ते इथून बाहेर जात नाही, म्हणाली. अशी त्या खोलीत सगळ्यांची परवानगी घेतली गेली. जिला न्याहाळायचं होतं तिची तेवढी राहिली.

कस्तुरीने पाहिलं की माणसं दारातूनच बोलायला लागतात. एक हात दाराच्या मुठीवर, नजर खाली, आणि सुरुवात ठरलेली: तसं काही विशेष नाही, डॉक्टर. अशा वेळी सुप्रभा समोरच्या कागदांकडे बघायचीही नाही. चष्मा केसांवर सरकवायची, पेशंटची खुर्ची हाताने थोडी आपल्याकडे ओढायची आणि म्हणायची, "फर्स्ट यू सिट. देन यू टेल." माणूस बसायचा. मग ती थांबायची. त्या थांबण्यात तिचं निम्मं डॉक्टरीपण होतं. घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. बाहेर वेटिंग रूम भरलेली असली तरी नाही. आणि मग माणूस जे सांगायला आलेला असायचा ते सांगायचा.

वर्गात कस्तुरी खुर्चीवर बसली, नसलेला चष्मा केसांवर सरकवला आणि ते वाक्य म्हणाली. कुणी हसलं नाही. शिकवणाऱ्या बाई शेवटी म्हणाल्या, "ह्या बाईला सांभाळ हं. अशी एकदाच सापडते."

*

ड्रामा स्कूलमधून बाहेर पडल्यावर पहिला बळी आडनावाचा गेला. वैशंपायन श्रेयनामावलीत मावत नाही, असं एजंट गिलियनचं मत पडलं, आणि कस्तुरी वैशंपायनची कॅस पायन झाली. सासऱ्यांच्या नावाचा शेवटचा तुकडा तरी ठेवलास, सुप्रभा म्हणाली, आणि स्वतःच हसली.

पुढे नर्सेस सुरू झाल्या. पहिली 'नर्स दोन', मग नाव असलेली नर्स, मग रडणारी नर्स. मधूनच लग्न लावून देतात म्हणून घरातून पळणारी मुलगी, तीही दोनदा, दोन वेगवेगळ्या मालिकांत आणि एकाच घागऱ्यात. सुप्रभा प्रत्येक भाग टेप करायची आणि भिशीच्या बायकांना दाखवायची. शशिधर सगळं मन लावून बघायचे आणि शेवटी एखादंच वाक्य बोलायचे. "ड्रिप उलटी लावली होती गं."

दोन हजार तीनच्या सुरुवातीला एका विनोदी मालिकेची ऑडिशन आली. डेंटिस्टचा दवाखाना आणि तिथली रिसेप्शनिस्ट मिसेस पटेल. कस्तुरीने प्रसंग आपल्या नेहमीच्या लीड्सच्या बोलीत वाचला. टेबलापलीकडे तिघं बसले होते. तिघेही सभ्यपणे हसले. मग निर्माता पेनाशी खेळत म्हणाला, "छान आहे. पण थोडं अजून... तिकडचं करता येईल?"

तिकडचं म्हणजे कुठलं, ते विचारायचं नसतं हे तिला एव्हाना माहीत होतं. आठ महिने काम नव्हतं. दुसऱ्या नर्ससाठीही कुणी बोलावलं नव्हतं. तिने आत हात घातला आणि जे सगळ्यात वर ठेवलेलं होतं ते काढलं. चष्मा, हनुवटी, वाक्य. फक्त जरा जलद आणि जरा वरच्या पट्टीत. तिघांपैकी एकाच्या हातातली कॉफी सांडली.

तालमीत लेखकाने त्यावर आणखी एक हात फिरवला. "'फर्स्ट'वर हाण," तो म्हणाला. "हशा तिथे आहे." कस्तुरीने 'फर्स्ट'वर हाणलं. हशा खरोखरच तिथे होता.

*

पहिला भाग लागणार त्या संध्याकाळी सुप्रभाने मंडळातल्या आठ-दहा कुटुंबांना जेवायला बोलावलं होतं. कस्तुरी मुद्दाम लंडनहून आली होती. अळूवड्या होत्या, मसालेभात होता, मुलांसाठी ओव्हनमध्ये पिझ्झे होते. मोठी माणसं सोफ्यावर, बाकीचे गालिच्यावर. सुप्रभा टीव्हीच्या अगदी समोर, खुर्चीच्या कडेवर बसली होती. शाळेच्या गॅदरिंगला आया बसतात तशी.

पडद्यावर दवाखान्याचं दार उघडलं, गाल सुजलेला एक माणूस आत आला आणि दारातूनच बोलायला लागला. काउंटरमागे करड्या कार्डिगनमधल्या बाईने चष्मा केसांवर सरकवला.

वाक्य आलं. टीव्हीतले प्रेक्षक हसले आणि त्यांच्या मागोमाग खोलीही हसली. खोलीला आधी नुसतंच हसू आलं होतं. मग एकेकाला ओळख पटत गेली तसं हसणं वाढत गेलं, आणि काही जण हसता हसता सुप्रभाकडे बघू लागले. मंडळाच्या चिटणीस वीणाताई तर डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाल्या, "अगं सुप्रभा, ही तर तू. हुबेहूब तू."

सुप्रभाही हसली. सगळ्यांच्या शेवटी, पण हसली. जाहिराती लागल्यावर चहाचं बघते म्हणून आत गेली. कस्तुरीही मागोमाग गेली. काय ऐकायच्या आशेने गेली होती हे तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही, बहुतेक शाबासकीच्या.

सुप्रभा चहा गाळत होती. "कार्डिगनसुद्धा तसाच मिळवलास," ती म्हणाली.

"कॉस्च्यूमवाली होती ना, तिने शोधला. मी फक्त सांगितलं कसा पाहिजे."

"हं." गाळण्यातला चोथा तिने आपटून काढला. "पटेलांच्या बायका असं बोलत नाहीत गं, कस्तुरी. त्यांचा हेल वेगळा असतो."

"आई, कोणाला कळणार आहे?"

सुप्रभाने ट्रे उचलला. दारातून बाहेर जाताना म्हणाली, छान झालंय हं, आणि बाहेर गेल्यावर सगळ्यांना साखर किती हे नेहमीसारखं विचारत राहिली. बस, एवढंच. पुढे कितीतरी वर्षं कस्तुरीला वाटत राहिलं की विषय तिथे संपला.

*

मालिका चांगली चार वर्षं चालली. वाक्य टी-शर्टांवर आलं, चहाच्या मगांवर आलं, शाळांच्या मैदानांवर गेलं. कस्तुरीने सुपरमार्केटांची उद्घाटनं केली, ख्रिसमसला पोराटोरांसाठीची पँटोमाइम नाटकं केली. लोक रस्त्यात थांबवून तिला प्रेमाने ते वाक्य म्हणायला लावायचे. घरचे फोन आखूड होत गेले. ती शूटिंगमध्ये असायची, आई कामात असायची. कारण शोधायला लागत नव्हतं.

मग मालिका संपली आणि आवाज तेवढा उरला. किटलीच्या जाहिरातीला तो आवाज हवा असायचा, गाडीच्या विम्याला हवा असायचा. गिलियनने कुठे गंभीर भूमिकेसाठी नाव सुचवलं की उत्तर यायचं, कॅस फारच गोड आहे, पण प्रेक्षक हसतील. तिने एकदा छोट्या थिएटरमध्ये एका शोकांतिकेत काम करून पाहिलं. दुसऱ्या अंकात पोराच्या मृत्यूची बातमी घेऊन आलेल्या माणसाला ती बसा म्हणाली आणि तिसऱ्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

म्हणून रूथची संहिता आली तेव्हा तिने ती उभ्याने वाचून संपवली होती. आणि म्हणूनच ती आता लीड्सला उतरत होती.

*

शशिधर स्टेशनवर न्यायला आले होते. गाडीत एकदा थंडी पडायला लागली म्हणाले आणि एकदा रिंग रोडवर काम चाललंय म्हणाले.

घरात पाऊल टाकलं तेव्हा आतल्या खोलीतून रेडिओ ऐकू येत होता. बातम्या देणारी बाई कुठल्यातरी कौन्सिलबद्दल बोलत होती. स्वच्छ, घोटीव, प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवलेला. कस्तुरी कोट काढता काढता थबकली. बातम्यांतली बाई म्हणत होती की हिरवा कचऱ्याचा डबा दोन आठवडे कुणी नेलेला नाही, आणि माझं नाव डॉक्टर वैशंपायन.

तिने वडिलांकडे पाहिलं.

"रेडिओ," शशिधर हळूच म्हणाले. "रोज सकाळी स्वयंपाकघरात रेडिओ लावते आणि त्यांच्या मागोमाग बोलते. चार-पाच वर्षं झाली. आता छान येतं तिला."

सुप्रभाने फोन ठेवला आणि मराठीत आली. मराठीत ती होती तशीच होती. किती वाळलीस, गाडीत काही खाल्लंस का, केस का कापलेस. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली होती. समोर मेथीची जुडी घेऊन बसली आणि निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. संहिता, रूथ, सोमवार.

"पिक्चर चांगला आहे, आई. खूप चांगला. त्यात ती डॉक्टर अगदी तुझ्यासारखी आहे. पण मला तो आवाज सापडत नाही. तू पूर्वी सर्जरीत बोलायची ना, तसं."

"कसं बोलायचे मी?"

ह्या खोलीत, ह्या बाईसमोर ते करून दाखवायचं कस्तुरीला धाडस झालं नाही. "विनोदी नाही," ती म्हणाली. "खरा. मला फक्त ऐकायचंय. तू बोल, मी ऐकते. दहा मिनिटं."

सुप्रभा रागावेल असं तिला वाटलं होतं. गाडीत तिने त्याची तयारीही केली होती. पण सुप्रभाने मेथी बाजूला सारली, पदराला हात पुसले, आणि परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ताठ बसली. तिला खरोखरच मदत करायची होती. तिने चष्मा केसांवर सरकवला.

"फर्स्ट यू सिट," ती म्हणाली.

मिसेस पटेल. वरची पट्टी, तो ठेका, तो हिसका, सगळं. सुप्रभा थांबली. घसा साफ करून पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा तेच आलं. दारात उभे असलेले शशिधर तिथून निघून गेले.

"हेच येतं," सुप्रभा म्हणाली. चष्मा खाली घेऊन तिने परत मेथी ओढली. "एकटी असताना पण करून बघितलंय मी. माझं कुठलं आणि तुझं कुठलं, ते आता वेगळं काढता येत नाही बघ."

ती काड्या मोडत राहिली. आणि तेवढ्या वेळात कस्तुरीच्या डोक्यात जे शिरायला नको होतं ते शिरलं. इस्त्री केलेला हा नवा आवाज. म्हातारपणी रेडिओसमोर उभी राहून तो गिरवणारी बाई. याच्यावर कोण हसेल? "आई," ती म्हणाली, आणि तिच्या स्वरात आलेला उत्साह तिचा तिलाच ऐकू आला, "मग आत्ता तू फोनवर बोलत होतीस ना, तो पण चालेल. ते तर अजून इंटरेस्टिंग आहे. एका बाईने असं सगळं बदलायचं..."

सुप्रभाचे हात थांबले.

"हाही नेणार का?" ती म्हणाली.

रागाने नाही. घरातली एखादी वस्तू कुणी मागावी आणि आपल्याकडे ती एकच उरलीय हे लक्षात यावं, तसं.

*

कस्तुरी कोट घालून पुढच्या बागेत जाऊन उभी राहिली. शशिधर हिरवा डबा ओढत फाटकाशी नेत होते. परत येताना ते तिच्याजवळ थांबले. ते एवढं बोलू शकतात हे तिला माहीत नव्हतं.

आईचा एक पेशंट होता, हारग्रीव्ह्ज नावाचा, जुना बस ड्रायव्हर, तुला आठवत असेल, तू बसायचीस तेव्हाही यायचा. तुझी मालिका त्याला फार आवडायची. एके दिवशी आला, आणि आई काही म्हणायच्या आत स्वतःच दारातून तिच्या आवाजात म्हणाला, फर्स्ट आय सिट, देन आय टेल. म्हणाला आणि हसत सुटला. आईही हसली. तो म्हणाला, काही नाही, डॉक्टर, तुम्हाला हसवायलाच आलो होतो, आणि गेला. खोकल्याचं सांगायला आला होता. पुढच्या वर्षी सांगितलं, तोवर कॅन्सर फुप्फुसभर पसरला होता.

"त्याचा ह्याच्याशी संबंध नाही," शशिधर म्हणाले. "मी तिला शंभरदा सांगितलं. डॉक्टर म्हणून सांगितलं. त्याला तसंही सांगायचं नव्हतं. पण त्यानंतर तिने कुणालाच बस म्हटलं नाही."

"मला का नाही सांगितलं, बाबा?"

"तुझं चांगलं चाललं होतं," ते म्हणाले आणि आत गेले.

कस्तुरीने तिथेच उभं राहून गिलियनला फोन लावला. रूथला सांग, मी सोमवारी येत नाही. गिलियनने आधी हसण्यावारी नेलं, मग तू बरी आहेस ना विचारलं, मग आवाज खाली आणून म्हणाली की अशी भूमिका तुला पुन्हा येणार नाही, हे तुझी मैत्रीण म्हणून सांगतेय. रूथ आजच्या आज दुसऱ्या मुलीला कळवेल. नंतर मागे फिरता यायचं नाही.

"कळव म्हणावं," कस्तुरी म्हणाली.

फोन बंद झाल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. आपण काहीतरी परत केलं असंही वाटलं नाही. ज्या वस्तूची मोडतोड झालीय ती परत करता येत नाही, फक्त आणखी वापरायची थांबवता येते. पण निदान आईला ते सांगावं. आणि त्याबरोबर दुसरंही, जे स्वयंपाकघरात, चहा गाळला जात असताना, सांगायचं राहून गेलं होतं.

ती आत आली. बसायच्या खोलीचं दार तिने अर्धं उघडलं. सुप्रभा अजून तिथेच होती, मेथीची पानं एका बाजूला, काड्या दुसऱ्या बाजूला. कस्तुरीचा एक हात दाराच्या मुठीवरच राहिला. नजर गालिच्यावर.

"आई," ती म्हणाली. "म्हणजे... तसं काही विशेष नाही."

सुप्रभाने मान वर केली. मग चष्मा केसांवर सरकवला, आणि शेजारची खुर्ची हाताने थोडी आपल्याकडे ओढली.

"आधी बस," ती म्हणाली. "मग सांग."

मराठीत. लहानपणी शाळेतून रडत घरी आलं की असंच म्हणायची ती, आणि कस्तुरीने ते किती वर्षांत ऐकलं नव्हतं. मराठीतून कुणी मागितलं नव्हतं म्हणून ते घरात जसंच्या तसं राहिलं होतं.

कस्तुरी बसली. आणि बसता बसता, नको नको म्हणत असताना, तिच्या कानाने ते टिपलंच. जोर 'आधी'वर नव्हता. कधीच नव्हता. जोर 'बस'वर होता. अगदी हलका, थकलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा इतकाच. आणि त्याच्यापुढे ते थांबणं. इतकंच होतं ते. सोमवारी रूथसमोर एवढंच करायचं होतं.

हातातला फोन अजून कोमट होता. कस्तुरीने तो बंद करून खुर्चीखाली सरकवला. तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करायची ते तिला सुचेना.

आई वाट बघत होती. तिला घाई नव्हती.